एकवीस फेब्रुवारी आणि तीन बावटे

आज २१ फेब्रुवारी. बांगलादेशात ढाक्याच्या शहीद मिनारवर, म्हणजे १९५२ च्या भाषा आंदोलनात गेलेल्यांच्या स्मारकावर, रात्री बारा वाजून गेल्यावर पहिली फुलं पडली असतील. पहाटे प्रभातफेऱ्या निघाल्या असतील, माणसं अनवाणी, रस्त्यावर पांढरी आल्पना, म्हणजे तिकडची रांगोळी, काढलेली. मी ढाक्याला कधी गेलेलो नाही. मी श्रीवर्धन तालुक्यातला, नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेला माणूस. तरी २०२० च्या निसर्ग वादळानंतर हा दिवस मला फार जवळचा वाटायला लागलाय.

१९५२ ची हकीगत बहुतेकांना माहीत असते. आजचा बांगलादेश तेव्हा पाकिस्तानचा पूर्व भाग होता. पाकिस्तानात बांगला बोलणारे बहुसंख्य होते, तरी राष्ट्रभाषा एकटी उर्दू, असं जिनांनी १९४८ मध्ये ढाक्यातच जाऊन सांगितलं. त्याच्या महिनाभर आधी धीरेंद्रनाथ दत्त यांनी कराचीत, संविधान सभेत उभं राहून बांगलासाठी मागणी केली होती. ती फेटाळली गेली. २१ फेब्रुवारीला पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यात रफिक, बरकत, जब्बार, सलाम गेले. दुसऱ्या दिवशी शफीउर. मेडिकल कॉलेजच्या पोरांनी एका रात्रीत मिनार उभा केला, सरकारनं तो २६ तारखेला पाडला. आज जो उभा आहे तो नंतरचा. भाषेसाठी माणसं मरतात हे आपल्याला पटवून द्यावं लागत नाही, हुतात्मा चौक आपल्याकडेही आहे.

मला बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. १२ नोव्हेंबर १९७०. तिकडच्या किनाऱ्यावरच्या भोला, मनपुरा, हातिया या बेटांवर रात्री भरतीच्या वेळेला वादळ आलं आणि समुद्रच चालून आला. किमान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे रेडिओमुळे बहुतेकांच्या कानावर आलं होतं. पण पाणी कुठवर चढेल, निघायचं कधी, जायचं कुठे, हे दारात येऊन सांगणारं कोणी नव्हतं. सपाट बेटावर जायला जागाही नव्हती. नंतर मदतीला जी दिरंगाई झाली, ती पूर्व बंगालनं विसरली नाही. महिन्याभरात निवडणूक झाली आणि तिथल्या १६२ पैकी १६० जागा अवामी लीग या बंगाली पक्षानं जिंकल्या. मला यात १९५२ चाच पुढचा भाग दिसतो. ज्यांना तुमची बोली ऐकायची नव्हती, त्यांना तुमचा आक्रोश तरी कुठून ऐकू येणार होता?

१९७१ मध्ये बांगलादेश म्हणून स्वतंत्र झाल्यावर या देशाकडे पैसा नव्हता. तरी १९७२ मध्येच रेड क्रॉसच्या साथीनं त्यांनी गावागावांतून स्वयंसेवक उभे केले. मेगाफोन, हातानं फिरवायचा भोंगा आणि बावटे. धोका वाढेल तसा एक, मग दोन, मग तीन. सांगणारा कोण, तर त्याच वस्तीतला, ज्याच्या आईला सगळे ओळखतात. आज असे सुमारे ७६ हजार लोक आहेत आणि त्यात निम्म्या बायका. हे निम्मं प्रमाण मोठी किंमत मोजून आलंय. १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख अडतीस हजार माणसं गेली, त्यात बायका फार. घरातला पुरुष परतल्याशिवाय निघायचं कसं आणि परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची कशी, या विचारात कितीजणी घरीच थांबल्या. दारात बाईच सांगायला आली तर बाई निघते. मे २०२० मध्ये अम्फान वादळाच्या आधी त्यांनी वीस लाखांहून जास्त लोक हलवले, तेही कोरोनाच्या काळात. तिथले मृत्यू दोन आकडी राहिले.

त्यानंतर दोन आठवड्यांत, ३ जूनला, आमच्याकडे निसर्ग आलं. इशारे मिळाले होते, लोकांना हलवलंही, ते नाकारणार नाही. पण आमच्या मोबाईलवर जे आलं त्यात वाऱ्याचा वेग होता ताशी किलोमीटरमध्ये. माझ्या आत्याला त्याचं काय कळणार? ती म्हणाली, "गोठ्यात गाय आहे, मी नाही यायची." कौलं उडताना तिला ओढून बाहेर काढावं लागलं. गाय वाचली, गोठा गेला, आणि आजोबांनी लावलेली सुपारीची झाडं दुपारच्या दोन तासांत आडवी झाली. पुढे कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही.

बांगलादेशात मातीचे उंच ओटे आहेत, त्यांना किल्ला म्हणतात, गुरं वर नेऊन बांधायला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत्याच आठवली. गुरं सोडून माणूस हलत नाही हे त्यांनी ऐकून घेतलं होतं. समुद्र चढून येतो त्याला त्यांच्याकडे शब्द आहे, जलोच्छ्वास, आणि तो साध्या बातमीत येतो. आपल्याकडे कोळीवाड्यात उधाण म्हणतात, पण आमच्याकडे आलेल्या सूचनापत्रात मला उधाण सापडलं नाही. तिथे होतं ते मराठी अक्षरांतलं इंग्रजी.

येत्या २७ तारखेला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करू. अभिजात दर्जा २०२४ मध्ये एकाच दिवशी मराठीला आणि बांगलालाही मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण माझी मागणी आहे की किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात, आळीत ओळखीची असलेली चार माणसं नेमा, दोन बायका हव्यातच, आणि त्यांना गावच्या बोलीत सांगू द्या. आमच्या शाळेत यंदा कवितावाचन झालं की आम्ही कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना बसवून घेणार आहोत. वारा कोणत्या अंगानं फिरला की होड्या वर ओढायच्या, उधाण कुठल्या पायरीला लागलं की घर सोडायचं, ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून घेणार. आत्याही येणार आहे. गाईचं काय करायचं ते ती सांगेल.