मोठी मुशी बोटीत ओढणं म्हणे एकदम सेफ!

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, की गळाला मोठी मुशी, म्हणजे शार्क, लागली तर बिनधास्त बोटीत ओढा, पाण्याबाहेर ती दोन मिनिटांत गार होते, शेपटी धरली की चावता येत नाही, नाहीच ऐकलं तर उलटी करा म्हणजे झोपते, आणि पुरावा काय तर व्हिडिओ, परदेशातले शास्त्रज्ञ पण असंच करतात म्हणे. वर लोकांचे अंगठेच अंगठे.

आधी त्या पुराव्याचंच बघू. ते व्हिडिओ मुशींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या ओसर्च संस्थेचे आहेत. ही मंडळी ग्रेट व्हाइट जातीच्या भल्यामोठ्या मुशीला साधारण 15 मिनिटं पाण्याबाहेर ठेवतात, टॅग लावतात, रक्त घेतात आणि नंतर ती जिवंत पोहत जाते, मग दोन मिनिटांत गार कुठली? आणि बोटीत ओढत पण नाहीत, पाण्यात सोडलेल्या हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मवर आणतात आणि तो प्लॅटफॉर्मच वर उचलतात, कल्ल्यांसाठी पाइपने पाणी चालू, डोळ्यांवर ओला कपडा, आजूबाजूला शिकलेली माणसं. आपल्याकडे फायबरची होडी आणि एक दोरी!

शेपटीचं विचारूच नका. अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कानात असते तशा लवचीक कूर्चेचा, त्यामुळे ती अशी काही वळते की शेपटी धरणाऱ्याचा हातच तोंडात. निपचित पडली म्हणजे मेली असं पण नाही, मध्येच उसळते.

आणि सगळे दातांवरच का अडलेत? मे 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या इव्हान्स हेडजवळ सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ साडेचार मीटरच्या बोटीत एकटेच मासे पकडत बसले होते, तर 2.7 मीटरची, अंदाजे 200 किलोची ग्रेट व्हाइट उडी मारून थेट बोटीत. चावली नाही हं! पराचा फटका बसून ते खाली पडले आणि नुसती कातडी घासून हात सोलून निघाला, कारण मुशीच्या अंगावर दातांसारखेच बारीक खवले असतात, एकदम पॉलिशपेपर. कसेबसे बोटीच्या काठावर चढून बसले, रेडिओवरून मदत मागवली, तेव्हा सुटले. आता हेच धूड तुम्ही स्वतः काठावरून आत घेणार, म्हणजे सगळं वजन एका बाजूला, होडी कलणार, त्यात गळाची दोरी कुणाच्या हाताला गुंडाळलेली असली तर तो माणूस गेलाच पाण्यात.

उलटी केल्यावर काही जाती शांत होतात, एवढं मात्र खरं. पण ते पाण्यात, शिकलेल्या माणसांच्या हातून. 200 किलोला डेकवर उलटं कोण करणार, फॉरवर्डवाले येणार का?

सोडायची असेल तर पाण्यातच ठेवा आणि दोरी जमेल तितकी गळाजवळ कापा. बरगड्यांचा पिंजरा नसल्यामुळे बाहेर काढल्यावर स्वतःच्या वजनानेच तिला आतून इजा होऊ शकते. आणि जाळ्यात ठिपकेवाली व्हेल शार्क आली तर विषयच संपला, 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे तिला, जाळं कापून सोडायचीच. महाराष्ट्रात कापलेल्या जाळ्याची 25,000 रुपयांपर्यंत भरपाई वनखात्याकडून मिळते, त्यासाठी सोडतानाचे फोटो लागतात, ते मात्र जरूर काढा.