नेरूळला स्टेडियम आहे ना, मग खारघरला कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं, की नेरूळला डी. वाय. पाटील आहेच, 6 नोव्हेंबर 2023 ला सौदी अरेबियाच्या अल हिलाल क्लबचा संघ मुंबई सिटी क्लबशी खेळायला आला तेव्हा तिथे फुटबॉललाही गर्दी झाली. तेव्हा खारघरच्या नियोजित फुटबॉल स्टेडियमची बाजू घेणं म्हणजे सिडकोचा पैसा उधळायला सांगणं.

नेरूळला मी नावं ठेवत नाही. वास्तुविशारद हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेलं, 2008 साली सुरू झालेलं ते स्टेडियम देखणंच आहे, आणि नजरेच्या आड एकही खांब येत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातली स्पेन-माली उपांत्य लढतही तिथलीच. पण ते क्रिकेटच्या मापाचं आहे. फुटबॉलचं मैदान 105 बाय 68 मीटर. गोल मैदानाची सीमारेषा मध्यापासून 70 मीटरवर धरा आणि कागदावर आकृती काढून बघा. कोपऱ्यातल्या झेंड्यामागे जेमतेम साडेसात मीटर उरतात, गोलपोस्टमागे साडेसतरा, आणि मध्यरेषेसमोर, जिथलं तिकीट सहसा सगळ्यात महाग, तिथे चक्क 36! जास्त पैसे मोजणारा सगळ्यात लांब. रंगरंगोटी करून, खुर्च्या बदलून हे सुटत नाही. आकारच तसा आहे. (टीव्हीवर बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, म्हणून हा वाद पुनःपुन्हा निघतो.)

अल हिलालच्या सामन्याचं म्हणाल, तर त्याच आशियाई क्लब स्पर्धेतले मुंबई सिटीचे घरचे बाकी सामने पुण्यात, बालेवाडीला झाले. घरचा सामना बघायला घाट चढायचा!

‘आधी रुग्णालय बांधा’ असंही तुम्ही म्हणता, यावर काय बोलणार? रुग्णालय हवंच. पण हे उद्यानापासून मेट्रोपर्यंत कशाच्याही विरोधात म्हणता येतं.

उधळपट्टीची तुमची भीती मात्र मला एका ठिकाणी पटते. सिडकोच्या आराखड्यात खारघरला 40 हजार प्रेक्षकांची सोय आहे. इतकी माणसं दर पंधरवड्याला आणायची कुठून? आणि आली तरी साडेसातचा सामना साडेनऊच्या सुमारास सुटल्यावर ती परत जाणार कशी? बेलापूर-पेंधर मेट्रोची गाडी तीन डब्यांची, रस्त्यावर रिक्षावाल्यांची मनमानी ठरलेलीच. माझ्या मते 15 हजार पुरेत, पण बाजूला वाढवायला जागा राखून. भरलेलं छोटं स्टेडियम खेळाडूच्या अंगावर येतं. अर्धं रिकामं मोठं स्टेडियम फक्त वीजबिल वाढवतं.

काटकसर कुठे करायची तेही सांगतो. पूर्वेकडचं छप्पर नंतर टाकलं तरी चालेल. पश्चिमेचं आधीच हवं, कारण मुख्य स्टँड तिकडे बांधतात, म्हणजे मावळतीचं ऊन पाठीवर येतं. गवताखालचा वाळूचा थर आणि त्याखालचं पाइपांचं जाळं यात मात्र एक रुपयाही वाचवू नये. खारघरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू?