सप्रेसर लावला तरी कान झाकावेच लागतात

माझा पुतण्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो आणि तिथल्या रीतसर परवान्यावर हरणाची शिकार करतो. त्याने मला एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काकू, मला तरी पटलं. स्कोपचा विचार सोडला.’ (स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची, लांबचं मोठं दाखवणारी नेम धरायची नळी.) तिकडच्या मराठी मंडळींत हा मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 1 जानेवारी 2026 पासून सप्रेसरवरचा, म्हणजे आवाज कमी करायला रायफलीच्या नळीच्या तोंडाशी लावतात त्या नळकांड्यावरचा, 200 डॉलरचा कर शून्य झाला, तेव्हा रायफलीवर खर्च करायचाच तर आधी सप्रेसरवर करा. तो लावला की कानांना काही लावावं लागत नाही. आवाजच होत नसल्याने कळप जागेवर राहतो. नेम आपोआप सुधारतो. आणि महागडा स्कोप हा नुसता मिरवायचा प्रकार आहे, रायफलीबरोबर आलेला स्कोप पुरतो.

माझं आयुष्य लोकांची श्रवणशक्ती तपासण्यात गेलं. त्यामुळे कानांबद्दलचं ते वाक्य वाचल्यावर बाकीचं वाचायला मला जरा वेळच लागला. त्यातून यंदा पुतण्या आपल्या मुलीलाही बरोबर नेणार आहे. ती त्याच्या शेजारी बसणार, म्हणजे तिचेही कान उघडेच.

आधी आकडे बघू. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था बंदुकांच्या आवाजाचं शिखर साधारण 140 ते 175 डेसिबल सांगते. शिकारीच्या रायफली यातल्या वरच्या भागात मोडतात. सप्रेसर त्यातून किती कमी करतो? 2016 साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑडिओलॉजी’त एआर-15 रायफलींवरच्या मोजणीचा अभ्यास छापून आला, त्यात ही घट 7 ते 32 डेसिबल निघाली. म्हणजे सप्रेसर, काडतूस आणि कान कुठे आहे यावर सगळं अवलंबून. आता साधी वजाबाकी करा. 165 मधून 25 गेले, 140 उरले. अशा क्षणिक स्फोटक आवाजासाठी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत घालून दिलेली कमाल मर्यादाही 140च आहे. ज्या सप्रेसरला मजकूर ‘आवाजच होत नाही’ म्हणतो, तो चांगलं काम करूनही तुम्हाला जेमतेम मर्यादेपर्यंत आणून सोडतो.

आणि ही मर्यादा मोठ्या माणसांची. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 120 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. सप्रेसरने भरभक्कम 32 डेसिबल कमी केले असं धरलं तरी 160ची रायफल 128वर येते. माझ्या नातीच्या कानांसाठी तेही जास्तच. ‘कानाला काही लावावं लागत नाही’ असं लिहिणाऱ्याने शेजारी बसलेल्या पोराचा विचार एकदा तरी केला होता का?

डेसिबल कमी होणं ही लहान गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. 20 डेसिबल उतरले की आवाजाचा दाब दहाव्या हिश्शावर येतो, आणि त्याचा फायदा कानांना होतोच. पण सुरुवातच इतक्या वरून होते की उरतो तो आवाजही घातक असतो. एका गोळीनेही कानाचं नुकसान होऊ शकतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, त्यावर औषध नाही की शस्त्रक्रिया नाही. तपासणीच्या आलेखात हे नुकसान बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखं दिसतं. उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला, म्हणून डावा जास्त जातो. माणूस येतो तेव्हा ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ अशी तक्रार घेऊन येतो. बारीक व्यंजनं आधी जातात, ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच वाटतात, लग्नाच्या गर्दीत शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. सोबत रात्रंदिवस कानात वाजणारी शिट्टी असते ती वेगळीच.

शिकाऱ्यांची एक अडचण खरी आहे. कान पूर्ण बंद केले तर पाचोळ्यावरचं पाऊल ऐकू येत नाही, म्हणून जंगलात पुष्कळ जण काहीच लावत नाहीत. पण यावर उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक इअरमफ, म्हणजे दोन्ही कान झाकणाऱ्या वाट्या, बारीक आवाज मोठा करून ऐकवतात आणि स्फोटाचा आवाज बराच कमी करतात. ते 50 ते 100 डॉलरपासून मिळतात, सप्रेसरला साधारण 500 ते 1000 लागतात. तेव्हा पहिला खर्च इअरमफवर, आणि मुलीसाठी तिच्या मापाचा दुसरा जोड.

कळपाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. सप्रेसर नळीच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या वायूला आतल्या कप्प्यांतून फिरवून थंड आणि मंद करतो. गोळीला तो हात लावत नाही. हरणासाठी वापरतात त्या बहुतेक गोळ्या सेकंदाला 800 मीटरच्या आसपास जातात, ध्वनीचा वेग साधारण 343 मीटर. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीमुळे हवेत होणारा कडाका कळपाला ऐकू येतोच. हां, आवाज नेमका कुठून आला हे प्राण्यांना कळणं अवघड जातं, एवढं खरं. तो कडाका टाळायला गोळी ध्वनीपेक्षा हळू सोडायची म्हटलं, तर ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते. तीच गोळी 820 ऐवजी 320 मीटरने गेली की ऊर्जा सातव्या हिश्शाच्या आसपास येते. त्यात जनावर जखमी होऊन तडफडत पळण्याचा धोका वाढतो, आणि कुठल्याही शिकाऱ्याला ते चालू नये.

नेम सुधारतो, हे मात्र अर्धं कबूल करायला हवं. धक्का कमी बसतो, कानठळ्या कमी बसतात, त्यामुळे घोडा ओढताना दचकून रायफल हलवण्याची सवय सुटायला मदत होते. नवख्याला हा फायदा मोठा आहे. पण रायफलीत मुळात नसलेली अचूकता सप्रेसर आणून देत नाही. उलट नळीच्या टोकाला वजन आल्याने गोळी पूर्वीच्या जागी लागेलच असं नाही, झिरो, म्हणजे स्कोपमधला नेम आणि गोळी लागण्याची जागा यांचा जुळवलेला मेळ, पुन्हा तपासावा लागतो. सरावात ओळीने गोळ्या झाडल्या की तापलेल्या सप्रेसरवरून उठणारी गरम हवा स्कोपमधलं चित्र थरथरवते, हे तर मजकुरात औषधालाही नाही.

आता स्कोप. मोठमोठ्या आकड्यांचे स्कोप मिरवण्यासाठी घेतले जातात, हे मलाही मान्य. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत 25 पट मोठं दाखवणारी काच कशाला हवी? पण चांगली काच घ्यायची ती मोठं दिसण्यासाठी नव्हे, अंधुक उजेडात दिसण्यासाठी. हरणं हिंडतात पहाटे आणि संध्याकाळी, आणि कायदाही सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा देतो. नेमक्या त्या दोन अर्ध्या तासांत हलक्या प्रतीच्या स्कोपमधलं चित्र राखाडी होऊन बसतं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून 4 टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो, आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग कितीतरी असतात. लेप चांगला की कामचलाऊ, हे तिथे कळतं. शिवाय 40 मिलिमीटरचं भिंग 9 पटीवर ठेवलं तर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत 4.4 मिलिमीटरचा असतो, 6 पटीवर 6.7चा. म्हणून उजेड उतरला की पट कमी करायची.

हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग 20 ते 25 सेंटीमीटरचा असतो. शंभर मीटरवर एवढी जागा साधायला आजची कुठलीही बरी रायफल पुरते. गोळी चुकते ती बऱ्याचदा नीट दिसलं नाही म्हणून. फांदी आडवी आहे का, मागे दुसरं जनावर आहे का, त्याच्याही मागे वाट किंवा माणूस आहे का, हे दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये. आणि हा शोध घ्यायचा तो गळ्यातल्या दुर्बिणीने. स्कोपमधून शोधायचं म्हणजे काय आहे हे कळायच्या आत भरलेली रायफल त्याच्यावर रोखायची. म्हणून साधी पण स्वच्छ दुर्बीणही स्कोपच्याच खर्चात धरावी.

राहिला कर. तो शून्य झाला हे खरं, पण 1934च्या केंद्रीय शस्त्रकायद्याखालची नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी हे सगळं तसंच आहे. आणि न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स अशा आठ राज्यांत सामान्य नागरिकाने सप्रेसर बाळगणं हाच गुन्हा आहे. आपली किती माणसं नेमकी याच राज्यांत राहतात! पेनसिल्व्हेनियातल्या मित्राचं बघून न्यू जर्सीतल्या कोणी तो घरात आणला तर काय होईल, याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

पुतण्याला मी हेच लिहिलं: या मोसमात दोन इअरमफ, एक दुर्बीण, आणि मधल्या किमतीचा, मजबूत माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या बैठकीवर, बसवलेला स्कोप. सप्रेसर पुढच्या वर्षी खुशाल घे, चांगली वस्तू आहे. तो लावल्यावर झिरो तपासायला जाशील तेव्हा इअरमफ घालूनच जा.