स्पीडटेस्ट शंभर, बँक गोल गोल

आज परत तेच. राउटर बदलला, स्पीडटेस्टवर शंभर एमबीपीएस दाखवले, स्क्रीनचा फोटो काढला आणि तक्रार बंद! व्हॉट्सअॅप चालतंय, व्हिडिओ चालतोय, बँकेचं पान मात्र गोल गोल फिरतंय. हेल्पलाइन म्हणते कॅशे क्लिअर करा. मग म्हणते डीएनएस बदला. शेवटी ब्रह्मास्त्र: "पावसामुळे असेल, सर." अरे बाबांनो, गोव्यात चार महिने पाऊसच असतो! आणि हा कसला पाऊस, जो १४९२ बाइटचं पॅकेट कोरडं सोडतो आणि १४९३ चं भिजवतो?

पीपीपीओई लाइन आहे ना तुमची, युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी? मग पॅकेटच्या कमाल १५०० बाइटांमधले (या मर्यादेलाच एमटीयू म्हणतात) ८ तिच्या हेडरला, म्हणजे पॅकेटावरच्या चिठ्ठीला, गेले, उरले १४९२. घरातला लॅपटॉप बिचारा १५०० च धरून बसलाय, म्हणून बँकेच्या सर्व्हरला सांगतो, एमएसएस १४६०, म्हणजे बाकीच्या हेडरचे ४० वगळून एका पॅकेटात एवढा डेटा पाठव. राउटरने जाता जाता तो आकडा १४५२ करायचा असतो. त्यालाच एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात, आणि नव्या डब्यात नेमकी तीच टिक काढलेली! हँडशेकची पॅकेटं चिमुकली, ती सुटतात. सर्टिफिकेटचं भरलेलं पॅकेट आलं की अडलं. त्यावर तुकडे करू नका असा डीएफचा शिक्का, म्हणून वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि सर्व्हरला आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कच्या निरोप्याकरवी, कळवतो, लहान पाठव. आणि तो निरोप बँकेचा फायरवॉल खातो.

का खातो? तर "सिक्युरिटी"! कुणीतरी कधीतरी सांगितलं की पिंग ("आहेस का?" असं विचारणारं आयसीएमपी पॅकेट) बंद ठेवावं, यांनी आख्खा आयसीएमपीच गाडून टाकला. टाइप ३, कोड ४, म्हणजे तो "लहान पाठव"चा निरोप, तेवढा सोडा म्हणून किती वेळा सांगायचं? पाथ एमटीयू, म्हणजे सगळ्या वाटेवर मावणारं सर्वात मोठं पॅकेट, शोधण्याची ही रीत आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिली गेली १९९० साली. रायबंदरच्या फेरीबोटीवर ट्रक मावत नसेल तर धक्क्यावरचा माणूस निदान हात करून मागे पाठवतो, मांडवीत लोटून गप्प बसत नाही. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वाल्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं, तिथे वाटेतला राउटर तुकडे करतच नाही. "पॅकेट टू बिग" हा तिथला निरोप अडवलं की संपलं.

आणि स्पीडटेस्ट का पळते? तिचा सर्व्हर आयसीएमपी ऐकतो आणि गपचूप लहान पॅकेटं पाठवतो. म्हणजे दुखणं आहे तिथे मोजायचंच नाही!

त्यात ते गेमिंगवाले व्हिडिओ. "एमटीयू १४७२ ठेवा, पिंग कमी होतो." म्हणजे उत्तराला लागणारा वेळ. अरे, १४७२ हा पिंग पॅकेटाचा पेलोड, आतला माल! त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवायचे, तेव्हा १५०० होतात. दुसरा कुणी सरळ ५७६ टाकायला सांगतो. टाका. तेवढ्याच डेटाला जवळजवळ तिप्पट पॅकेटं, तिप्पट हेडर.

मोजायचं तर नीट मोजा. व्हीपीएन बंद. विंडोजवर पिंगला डॅश एफ (तुकडे करू नको) आणि डॅश एल १४७२ (आकार), लिनक्सवर डॅश एम डू आणि डॅश एस १४७२, मॅकवर डॅश कॅपिटल डी आणि डॅश एस. आधी लहान आकड्याने बघा, ज्याला पिंग करताय तो पत्ता उत्तर देतो का, काही पत्ते मोठ्या पिंगला मुळात दादच देत नाहीत. १४७२ अडलं, १४६४ गेलं, १४६५ परत अडलं, तर १४६४ अधिक २८, झाले १४९२. तुकडे करावे लागतील असा एरर आला तर वाटेत कुणीतरी प्रामाणिक आहे. नुसता टाइमआउट आला आणि लहान पिंग मात्र जातोय, तर पॅकेट गिळणारा तिथेच बसलाय.

वायरगार्ड व्हीपीएनवाल्यांनो, तुमचा १४२० चा एमटीयू जुन्या आयपीव्ही४ वरून जातो, कारण वरच्या हेडरचे ६० मिळवले तरी १४८०. बाहेरचा पत्ता आयपीव्ही६ असेल तर ८० मिळवा, झाले १५००, १४९२ च्या वर, म्हणजे अडलाच. १४१२ करा.

हो, कळतंय मला. चवथीला आलेला पाहुणा नुसता वायफायचा पासवर्ड मागतो आणि त्याला नेवऱ्यांबरोबर एमएसएस क्लॅम्पिंग खावं लागतं. घरच्यांनी आता पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दाराशी लावलाय.

पण राउटरच्या सेटिंगच्या त्या पानाचा पासवर्ड? तो कंपनीकडे! एक टिक करायची, तर तिकीट काढा, ४८ तास थांबा. येणारा माणूस येतो, रिसेटची पिन खुपसतो, पुन्हा स्पीडटेस्ट लावतो. तर कंपनीवाल्यांनो, ऐका, रिसेट मारू नका. वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) पानावर जा, एमटीयू १४९२ आहे तो तसाच राहू दे, खालची क्लॅम्पिंगची टिक करा, सेव्ह करा. आणि फोटो काढायचाच असेल तर बँकेचं पान उघडल्याचा काढा.