लाउंजमधली खुर्ची नेमकी कोणासाठी?

गेल्या महिन्यात आईला धाकट्या भावाकडे बंगळूरला पोचवायला गेलो होतो. आईचे वय ७२, दोन्ही गुडघे दुखरे. फोंड्याहून निघायचे म्हणजे वाटेत कुठे अडकू याचा नेम नसतो, त्यामुळे आम्ही हाताशी भरपूर वेळ ठेवून निघालो आणि सुरक्षा तपासणी आटोपली तेव्हा विमान सुटायला अडीच तास होते. माझ्या क्रेडिट कार्डावर तिमाहीत दोनदा लाउंजची, म्हणजे विमानतळावरच्या आरामात बसण्या-खाण्याच्या दालनाची, सोय आहे. आयुष्यात एकदा तरी आईला तिथे बसवावे, अशी माझी मनापासून इच्छा होती.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड यंत्रावर फिरवले, दोन रुपये वळते झाले आणि माझी पावती निघाली. आईसाठी मात्र बाराशे रुपये वेगळे भरावे लागणार होते, कारण ती सोय कार्डधारकापुरतीच होती. त्या मुलीने हे अतिशय अदबीने सांगितले आणि नियमही तसाच होता, म्हणून तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आई म्हणाली, ‘‘तू जाऊन खाऊन ये, मी इथेच बसते.’’ मी पैसे भरले.

आत इडली, उपमा, पास्ता, कापलेली फळे, केक असे बरेच काही मांडलेले होते. आईने दोन इडल्या आणि चहा एवढेच घेतले. मग तिने खिडकीजवळची पाठ टेकता येईल अशी रुंद खुर्ची निवडली, चपला काढून खुर्चीखाली एकाशेजारी एक नीट लावून ठेवल्या, समोरच्या बुटक्या बैठकीवर पाय लांब केले आणि पदराखालून गुडघे चोळत चोळत ती झोपी गेली. जवळजवळ पाऊण तास ती शांत झोपली होती. बाराशे रुपयांत मला मिळाले ते हेच, आणि ते मला मुळीच महाग वाटले नाही. आत उड्डाणांची घोषणा होत नसल्यामुळे फलकावर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे, कारण देशांतर्गत विमानाचे गेट साधारणपणे सुटण्याच्या २५ मिनिटे आधी बंद होते.

ती झोपलेली असताना मी दाराकडे पाहत होतो. बाहेर कार्ड हातात घेऊन उभ्या असलेल्या लोकांची रांग होती. त्यातले बहुतेक तरुण, धडधाकट होते. त्यांच्यावर माझा राग नाही, मीही त्यांच्यातलाच आहे. पण लाउंज ‘फुकट’ असते हा आपला समज चुकीचा आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. आपल्या प्रत्येक प्रवेशामागे बँक लाउंज चालवणाऱ्याला ठरावीक रक्कम मोजते. ती रक्कम कार्डाच्या वार्षिक शुल्कातून आणि आपण केलेल्या खरेदीवर दुकानदाराकडून मिळणाऱ्या शुल्कातून निघते. गर्दी वाढली तसा हा खर्चही वाढला, म्हणून अलीकडे अनेक बँकांनी मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. म्हणजे ती मऊ खुर्ची हे खर्चाचे बक्षीस आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर असे पहिले दालन उघडले, तेव्हा तेही निवडक निमंत्रितांसाठीच होते. तेव्हा निवड विमान कंपनी करीत असे, आज ती बँक करते, आणि दोघांपैकी कोणीही गुडघ्यांची चौकशी करीत नाही.

रेल्वेच्या प्रतीक्षालयात तिकिटाचा वर्ग पाहतात, बँकेचे कार्ड पाहत नाहीत. विमानाचे तिकीट काढलेल्या माणसाला निदान तेवढे तरी मिळू नये का? गोव्यात हा प्रश्न अधिक टोचतो. ५ जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातले मोपा हे दुसरे विमानतळ सुरू झाले. काणकोण किंवा सांगे तालुक्यातल्या माणसाला तिथले विमान पकडायचे तर जवळजवळ सगळा गोवा ओलांडावा लागतो. पेडण्याच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला दाबोळीचे जुने विमानतळ तसेच दूर पडते. जो टॅक्सीने येतो तो वेळेवर येतो, पण जो कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने येतो त्याला बसच्या वेळेप्रमाणे दोन तास आधी यावे लागते. सर्वांत जास्त वेळ बसावे लागते ते त्याला, आणि बहुतेक वेळा लाउंजचे कार्ड नसते तेही त्याच्याकडेच.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले. तिथे १० रुपयांत चहा आणि २० रुपयांत सामोसा मिळतो. चहाच्या बाबतीत जे जमले ते बसण्याच्या बाबतीतही जमायला हरकत नाही. प्रत्येक गेटपाशी उंच पाठीच्या, पाय लांब करता येतील अशा दहा-बारा खुर्च्या ठेवाव्यात, त्या ज्येष्ठांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी आणि तान्ह्या मुलांच्या आयांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्यांच्यासाठी बोर्डिंग पासखेरीज दुसरे काहीही मागू नये. त्यात इडली-केक नसले तरी चालेल.

पुढच्या महिन्यात आईला परत आणायचे आहे. माझ्या कार्डावरची या तिमाहीतली एक खेप अजून शिल्लक आहे. ती माझ्याऐवजी आईला वापरता येईल का, असे मी बँकेला लिहून विचारले आहे. तसे होणार असेल तर आई आत बसेल आणि मी बाहेर फलकाखाली उभा राहीन.