‘एलियन’च्या त्या टेबलावर कोणाला काय माहीत होतं

शाळेच्या ग्रुपवर दादाने (वर्गात सगळ्यात उंच म्हणून दादा, बाकी वयाने माझ्याएवढाच) परत एकदा तो फॉरवर्ड टाकलाय. १९७९ च्या ‘एलियन’ या अंतराळयानातल्या भीतीच्या पिक्चरबद्दलचा. त्यात लिहिलंय की छाती फुटून जनावर बाहेर येतं तो सीन कलाकारांना न सांगता शूट केला, चेहऱ्यावरची भीती सगळी खरी, अॅक्टिंग नाहीच. पुढे म्हणे डायलॉग पण सगळे जागच्या जागी सुचलेले, रिप्ली या मुख्य पात्राचा रोल पुरुषासाठी लिहिलेला आणि सिगर्नी वीव्हरला शेवटच्या क्षणी आणलं, अंतराळात तुमची किंकाळी कोणालाच ऐकू येत नाही हा रिप्लीचा डायलॉग, आणि तो एलियन म्हणजे यंत्र. खाली वीस अंगठे आणि ‘बाप रे’. मी तेव्हा ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकलेलो म्हणून गप्प बसलो, आता घरी आलोय, चहा झालाय, आता सविस्तर.

आधी तो सीनच घेऊ कारण बाकीच्यापेक्षा हा मुद्दा मला जास्त लागतो. कलाकारांनी स्क्रिप्ट वाचलेली होती. केनच्या, म्हणजे जॉन हर्टच्या पात्राच्या, छातीतून काहीतरी बाहेर येणार हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. जॉन हर्टला तर माहीत असायलाच हवं ना, तो बिचारा टेबलाखाली अडकून पडलेला, वर फक्त त्याचं डोकं आणि हात, मधली छाती नकली आणि तिच्यात खाटकाकडून आणलेला मांसाचा ऐवज. कलाकारांना सांगितलं नव्हतं ते एवढंच की रक्त किती आणि कुठे उडणार. ते सेटवर आले तर कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिक आणि क्रू रेनकोट घालून उभा, म्हणजे काहीतरी घाण होणार एवढं कोणालाही कळलं असतं. ती रक्ताची चिळकांडी थेट लॅम्बर्ट झालेल्या व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर बसली आणि ती खरंच दचकली, धडपडली. हे खरं आहे आणि फॉरवर्डचा जन्म इथूनच झालाय, पण एका बाईचे दोन-तीन सेकंद खरे म्हणून अख्खा सीन खरा असं कसं होईल?

आणि दादा, तू जरा सीन परत बघ ना, मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर. आधी शर्टवर रक्ताचा डाग उमटतो, सगळे मागे सरकतात. मग परत पुढे वाकतात. मग दुसऱ्या धक्क्याला ते बाहेर येतं. त्यानंतर यानाचा इंजिनिअर पार्कर चाकू घेऊन पुढे जातो आणि सायन्स ऑफिसर अॅश त्याला ओरडून थांबवतो, हात लावू नको म्हणून. आता मला सांग, ज्याला खरंच काही माहीत नाही असा माणूस इतक्या बरोबर वेळेला इतकं बरोबर वाक्य बोलेल का? त्या एका वाक्यावर पुढचा अर्धा पिक्चर उभा आहे. मित्र मरून पडलाय आणि ह्याला काळजी त्या जनावराची, अॅश खरा माणूस नाही, यंत्रमानव आहे, त्याची पहिली खूण तिथे दिलीय आणि पहिल्यांदा बघताना आपल्याला ती कळत पण नाही. इयन होमचं काम आहे ते. त्याला ‘खरी भीती’ म्हणून मोकळं होणं म्हणजे त्या माणसाची मेहनत पाण्यात.

खरं घाबरणं सोपं असतं रे, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तेव्हा मी पण घाबरलो होतो, कोणी पिक्चरमध्ये घेतलं नाही.

डायलॉगचं बघू. मूळ स्क्रिप्ट डॅन ओ'बॅनन याची, गोष्ट त्याची आणि रोनाल्ड शुसेटची, आणि त्यावर वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी भरपूर हात फिरवला. अॅश हे पात्रच या दोघांनी घातलेलं. सेटवर कलाकारांनी आपल्याकडून काही घातलं नाही असं मी म्हणत नाही, ते एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, अर्धी वाक्यं खातात, म्हणून ते ऐकताना गप्पाच वाटतात. पण गप्पा वाटतात म्हणजे लिहिलेल्या नाहीत असं होत नाही. पार्कर आणि त्याच्या हाताखालचा ब्रेट सुरुवातीपासून बोनसचं रडगाणं लावतात, आम्हाला कमी वाटा आणि बाकीच्यांना पूर्ण. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, दिवाळीच्या आधी दोन महिने आमच्या घरी चहावर हाच विषय, पर्मनंटला किती आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला किती, त्यामुळे पार्कर झालेला यॉफेट कोटो बोलायला लागला की मला तो अंतराळातला वाटतच नाही, शिफ्ट सुटल्यावर टपरीवर उभा असलेला वाटतो. आणि हे नुसतं टाइमपास म्हणून नाहीये. अनोळखी सिग्नल मिळतो तेव्हा पार्कर म्हणतो हे आमचं काम नाही, करायचं तर जास्त पैसे द्या, आणि अॅश शांतपणे करारातलं कलम काढतो, तपास केला नाही तर सगळा वाटा जप्त. झालं, पार्कर गप्प. म्हणजे ही माणसं त्या ग्रहावर उतरतात ती शौर्य म्हणून नाही, पगार बुडेल म्हणून. आता हे जागच्या जागी सुचलं म्हणणाऱ्याने एकदा असं सुचवून दाखवावं.

ब्रेट तर जवळजवळ एकच शब्द बोलतो, ‘राइट’. पार्कर काही बोलला की ‘राइट’. त्यावरून त्याला पोपट म्हणतात, तो त्यावर पण ‘राइट’. हॅरी डीन स्टँटनने एवढ्याशा शब्दावर अख्खा माणूस उभा केलाय, म्हणून नंतर तो एकटा मांजर शोधत फिरतो तेव्हा पोटात गोळा येतो.

रिप्लीबद्दल फॉरवर्ड अर्धवट बरोबर आहे, आणि अर्धवट खोट्याचाच जास्त त्रास असतो. मूळ स्क्रिप्टमध्ये सूचनाच होती की यानाच्या क्रूमधला कुठलाही रोल पुरुष किंवा बाई कोणीही करू शकतं. म्हणजे ‘पुरुषासाठी लिहिलेला’ नाही, दोघांसाठी मोकळा ठेवलेला, आणि रिप्ली बाई असणार हे पुढे ठरलं. वीव्हरची रीतसर स्क्रीन टेस्ट झालेली. गंमत म्हणजे कार्टराइटने रिप्लीसाठी वाचन केलं होतं आणि आपण लॅम्बर्ट आहोत हे तिला कपड्यांची मापं द्यायच्या वेळी कळलं. आणि खरंच ऐनवेळी कोण आलं असेल तर तो हर्ट! केनचा रोल आधी जॉन फिंच करत होता, शूटिंग सुरू होताच तो आजारी पडला. म्हणजे फॉरवर्डवाल्याने ऐनवेळचा माणूस पण चुकीचा पकडलाय.

ती किंकाळीवाली ओळ पोस्टरवरची आहे. पिक्चरमध्ये कोणीच बोलत नाही. पुढे जाऊ.

शेवटचं ते यंत्र. काही ठिकाणी बाहुलं, यांत्रिक डोकं, स्टंटमन हे सगळं आहेच, पण त्या सूटमध्ये बहुतेक वेळ एक माणूस होता, बोलाजी बडेजो, नायजेरियाचा, लंडनमध्ये डिझाइन शिकणारा, जवळपास सात फूट उंच आणि लांबच लांब हातपाय. पबमध्ये कोणाच्या तरी नजरेत भरला आणि निवडला गेला. हळू आणि विचित्र हलता यावं म्हणून त्याला ताई ची आणि मूकाभिनय शिकवला. त्याने आयुष्यात हा एकच पिक्चर केला आणि १९९२ मध्ये गेला. पिक्चरभर त्याचा चेहरा दिसत नाही, आणि वर आता लोक त्याला यंत्र म्हणतायत. दादा, तुला तरी हे पटायला नको, शाळेच्या नाटकात दोन वर्षं झाड तूच झालेलास, तेव्हा कोणी प्लायवूड म्हटलं असतं तर?

शनिवारी ये घरी, कोलशेतला. स्टेशनवरून येताना कुंजविहारचे वडापाव घे, पण ते पिक्चर सुरू व्हायच्या आधीच संपवायचे, गेल्या वेळी त्या सीनला तुझ्या हातातली लाल चटणी माझ्या सोफ्यावर सांडलीय ती अजून निघालेली नाही.