शॉन केली ‘निव्वळ स्प्रिंटर’ होता काय?

आयर्लंडच्या सायकलपटूंचा विषय निघाला, की एक मत हमखास पुढे येते, आणि ते इतक्या वेळा फिरवले गेले आहे, की आता ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. ते मत थोडक्यात असे: ‘शॉन केली हा निव्वळ स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत वेगाने मुसंडी मारून जिंकणारा, होता. त्याचे मोठेपण टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीतील हिरव्या जर्सीपुरते. चढ लागला की तो मागे पडे. एकदिवसीय शर्यती त्याने दुसऱ्यांच्या चाकामागे दडून, वाऱ्याचा मार चुकवून, जिंकल्या. १९८८ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची अनेक टप्प्यांची शर्यत, प्रतिस्पर्धी दुबळे असल्यामुळे त्याच्या पदरात पडली. आणि टूर तर त्याला कधीच जिंकता आली नाही.’ यातले शेवटचे विधान खरे आहे. बाकीची विधाने केलीची अर्धी कारकीर्द पुसून टाकतात, म्हणून त्यांचा एकेक करून समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम हिरव्या जर्सीविषयी. केलीने ती चार वेळा मिळवली: १९८२, १९८३, १९८५ आणि १९८९. ही जर्सी सर्वांत वेगवान स्प्रिंटरला मिळते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती गुणांवर ठरते आणि हे गुण रोजच्या टप्प्यातील क्रमांकावरून, तसेच वाटेतल्या मधल्या स्प्रिंटांवरून मिळतात. टूरमध्ये केलीने एकूण पाच टप्पे जिंकले आणि त्यांतला शेवटचा होता १९८२ मधला, पिरेनीज पर्वतातले घाट ओलांडून पो या गावी संपलेला. म्हणजेच १९८३, १९८५ आणि १९८९ या तिन्ही वर्षांची हिरवी जर्सी त्याने एकही टप्पा न जिंकता मिळवली. निव्वळ वेगावर जगणाऱ्या माणसाचा हा हिशेब असू शकत नाही. तीन आठवडे रोज, सपाटीवर, टेकड्यांत आणि घाटातही, पहिल्या काही जणांत पोहोचत राहणाऱ्याचा तो हिशेब आहे.

चढाविषयीच्या आक्षेपाला मात्र एक मूळ आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कॅरिक-ऑन-शूरजवळच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा १९७७ मध्ये फ्लान्द्रिया संघातून व्यावसायिक झाला, तेव्हा त्याच्याकडे खरोखरच स्प्रिंटर म्हणून पाहिले जाई आणि फ्रेडी मार्टेन्ससारख्या संघनायकासाठी राबणे हे त्याच्या कामातच होते. पहिली चार-पाच वर्षे तशीच गेली. चित्र बदलले ते १९८२ मध्ये, जेव्हा तो जाँ द ग्रिबाल्दी या व्यवस्थापकाच्या संघात परतला. ग्रिबाल्दी खेळाडूंच्या खाण्यापिण्यावर आणि वजनावर फार कडक नजर ठेवणारा होता, आणि केलीने केवळ टप्पे नव्हे तर अनेक दिवसांच्या शर्यती जिंकाव्यात, असा त्याचा आग्रह होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये केलीने पॅरिस-नीस ही शर्यत जिंकली. त्या काळी या शर्यतीचा निकाल बहुधा अखेरच्या दिवशी, नीसजवळच्या कोल देझ या घाटावरच्या टाइम ट्रायलमध्ये लागत असे. टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचे, आणि तीही चढावरची! पुढे चाक नाही, आडोसा नाही, संघातला सोबती नाही. १९८२ मध्ये केलीने ती टाइम ट्रायल जिंकली आणि तिच्यासोबत शर्यतही. त्यानंतर १९८८ पर्यंत पॅरिस-नीस दर वर्षी त्याचीच राहिली, सलग सात वेळा. यांपैकी १९८७ च्या विजयात नशिबाचा वाटा होता, हे कबूल करतो. त्या वर्षी आघाडीवर असलेल्या स्टीफन रोशचे चाक शेवटच्या दिवशी पंक्चर झाले. पण सातपैकी एका विजयावर बोट ठेवून उरलेले सहा विसरायचे, याला युक्तिवाद म्हणता येणार नाही.

आता ‘दुसऱ्यांच्या चाकामागे दडून’ जिंकल्याचा आक्षेप. सायकलशर्यतीत ज्या पाच एकदिवसीय शर्यती सर्वांत मानाच्या समजल्या जातात, त्यांत केलीचे नऊ विजय आहेत. लोम्बार्दिया तीन आणि मिलान-सान रेमो, पॅरिस-रूबे व लिएज-बास्तोन-लिएज प्रत्येकी दोन. इटलीचा थोर सायकलपटू फाउस्तो कोप्पी याचेही नऊच आहेत. त्यातली लोम्बार्दिया आणि लिएज या चढांच्या शर्यती आहेत. १९८३ च्या लोम्बार्दियात त्याने नुकताच विश्वविजेता झालेल्या ग्रेग लेमंडला अगदी थोडक्यात मागे टाकले, ते स्प्रिंटमध्येच. पण त्या स्प्रिंटला हजर राहण्यासाठी दिवसभराचे डोंगर चढून यावे लागले होते. १९८४ च्या चिखलमय रूबेत बोंड्यू आणि ब्राउन हे दोघे पुढे निसटले होते आणि त्यांना गाठण्यासाठी केली रूडी रोजियर्सला बरोबर घेऊन दगडी रस्त्यांवरून स्वतः पाठलाग करत गेला. दडून बसणाऱ्याची ही रीत नव्हे.

मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो २१ मार्च १९९२ चा दिवस. मिलान-सान रेमोत शेवटची टेकडी असते पोज्जो. तिच्या चढावर मोरेनो अर्जेन्तिन घोळक्यातून निसटला आणि तो जिंकल्यातच जमा, असे सर्वांनी धरले. केली तेव्हा पस्तिशी ओलांडून छत्तिशीला टेकलेला होता आणि माथ्यावर अर्जेन्तिनपासून काही सेकंद मागे होता. उतार सुरू झाला तसा तो घोळक्यातून एकटाच सुटला. पोज्जोचा उतार अरुंद आहे. काचेची हरितगृहे आणि दगडी भिंती यांच्यामधून तो आखूड वळणे घेत खाली जातो, आणि वळणात ब्रेक क्षणभर आधी दाबला की हाताशी आलेला माणूस निसटतो. केलीने वळणामागून वळण अंतर खाल्ले आणि पायथ्याच्या सपाटीवर अर्जेन्तिनला गाठले. अर्जेन्तिनने हाताने इशारा करून त्याला पुढे यायला सांगितले. केली हलला नाही. उजळणी केल्यासारखा शांतपणे तो त्याच्या चाकाला राहिला आणि अखेरीस बाजूने निघून गेला. या विजयाला कोणी स्प्रिंटचा विजय म्हणत असेल, तर त्याने शेवटचे दोनशे मीटर पाहिले आणि आधीचे तीन किलोमीटर पाहिलेच नाहीत.

व्हुएल्टाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. १९८८ मध्ये स्पेनचा अव्वल सायकलपटू पेद्रो देलगादो इटलीच्या शर्यतीला गेला होता, हे खरे. परंतु त्याच वर्षी टूरमध्ये तिसरा आलेला फाबियो पारा व्हुएल्टात होता, आणि लाउदेलिनो कुबिनोने तर बराच काळ नेत्याची जर्सी अंगावर ठेवली होती. केलीने डोंगरात आपले नुकसान सेकंदांत राखले आणि समारोपाच्या आदल्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये आन्सेल्मो फुएर्तेकडून आघाडी हिसकावून घेतली. शिवाय नशिबाचे माप काढायचेच असेल, तर १९८७ ही मोजले पाहिजे. त्या वर्षी व्हुएल्टा संपायला अवघे काही दिवस उरले असताना केली आघाडीवर होता आणि बैठकीवरच्या गळवामुळे सायकलवर बसणेच अशक्य झाल्याने त्याला माघार घ्यावी लागली.

राहिली टूर. आल्प्समधल्या लांबलचक घाटांत, एकामागून एक येणाऱ्या दिवसांत, बर्नार हिनो किंवा लेमंड या टूरविजेत्यांबरोबर राहणे केलीला जमले नाही. तसा दावाही कोणी करू नये. तरीही १९८३ मध्ये तो सातवा, १९८४ मध्ये पाचवा आणि १९८५ मध्ये हिनो, लेमंड व रोश यांच्यामागे चौथा आला. निव्वळ स्प्रिंटर टूरमध्ये चौथा येत नाही. हेही ध्यानात घ्यावे, की जुलैसाठी ताकद राखून ठेवण्याची चैन केलीला परवडणारी नव्हती. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तो जिंकण्यासाठीच धावत असे. १९८६ च्या एप्रिलमधला एक आठवडा पाहा. ६ तारखेला, रविवारी, फ्लान्डर्सच्या शर्यतीत दुसरा; लगेच स्पेनमध्ये जाऊन बास्क प्रांताची अनेक दिवसांची, डोंगराळ शर्यत जिंकली; आणि १३ तारखेला, पुढच्याच रविवारी, उत्तर फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवर उभा राहून पॅरिस-रूबे जिंकली.